वाचकांचे प्रश्न : उपासनेतील धातूची भांडी आणि त्यांची निगा

नाताळच्या आवराआवरीला सुरुवात होण्यापूर्वी उपासनेत वापरल्या जाणाऱ्या चषक, थाळ्या, धुपाटणी इत्यादी भांड्यांविषयी वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा सूर एकच आहे : भांडे काळे पडले, कशाने घासू? या प्रश्नाचे उत्तर भांडे कोणत्या धातूचे आहे आणि त्यावर कशाचा मुलामा आहे, हे कळल्याशिवाय देता येत नाही. तरीही निवडलेल्या सहा पत्रांची उत्तरे शक्य तितक्या तपशिलाने देत आहे.

प्रश्न : आमच्या वसईच्या चर्चमधील सर्वांत जुना चषक चांदीचा असून आतून सोनेरी आहे. नाताळ आणि ईस्टरच्या आधी आम्ही तो चांदी उजळवण्याच्या पातळ औषधात बुडवतो व नंतर टूथपेस्टने घासतो. अलीकडे आतील सोनेरी रंग तळाशी पांढरट दिसू लागला आहे आणि चषक आडवा केला की पायाकडून हिरवट पाणी गळते. मुलामा पुन्हा द्यावा का? दिल्यास चषकाला पुन्हा आशीर्वाद घ्यावा लागतो का?
— सॅक्रिस्टीत (चर्चमध्ये उपासनेचे साहित्य ठेवण्याच्या खोलीत) सेवा करणारी एक भगिनी

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत तातडीची गोष्ट हिरव्या पाण्याची आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो. चषक वरून एकसंध दिसला तरी तो बहुधा तीन भागांचा असतो : वरचा प्याला, मधली गाठ असलेली दांडी आणि खालचा पसरट पाय. हे भाग आतून जाणाऱ्या एका आट्यांच्या सळईवर बसवलेले असतात आणि पायाच्या पोकळीत खालून एका नटने आवळलेले असतात. चषक पाण्यात किंवा औषधात पूर्ण बुडवला की ते द्रव सांध्यांतून दांडीच्या पोकळीत शिरते, आणि तेथे वारा लागत नसल्यामुळे आठवडेच्या आठवडे तसेच राहते. सळई आणि नट सहसा पितळेचे किंवा लोखंडाचे असतात. औषधातील आम्लाने पितळेवर जंगाल चढतो, आणि तोच हिरवट पाणी होऊन बाहेर येतो. मुलाम्याचा विचार करण्यापूर्वी हा चषक जुन्या चांदीकामाची माहिती असलेल्या सोनाराकडे नेऊन सुटा करून घ्यावा, प्रत्येक भाग आतून धुऊन पूर्ण वाळवावा आणि मगच पुन्हा जोडावा. नट हाताने सहज फिरत नसेल तर घरी पकड लावू नये, कारण जुन्या सळईचे आटे झिजलेले असतात आणि जोर लावला की सळई प्याल्याच्या बुडाशी असलेल्या डाखातून (धातू वितळवून केलेल्या जोडातून) उखडते. जोडतानाही भाग हलणार नाहीत इतकेच आवळावे.

आता औषधाविषयी. चांदी बुडवून उजळवण्याच्या पातळ औषधांत सामान्यतः थायोयुरिया आणि एखादे आम्ल असते. चांदीवरील काळा थर त्यांत क्षणात विरघळतो हे खरे. पण नक्षीच्या खोबणीत कारागिराने मुद्दाम राखलेली काळी छटाही त्याबरोबर निघून जाते, आणि वारंवार बुडवल्यास चांदीचा पृष्ठभाग दुधट होऊन पुढच्या वेळी तो अधिक लवकर काळा पडतो. ज्या भांड्याला ओठ लागतात त्याच्या सांध्यांत अशी रसायने मुरू देणे मला मुळीच योग्य वाटत नाही. टूथपेस्टचे नुकसान वेगळ्या प्रकारचे आहे. दातांवरील कीट घासून काढण्यासाठी तिच्यात बारीक खर घातलेली असते. ती दाताच्या कवचाला सोसते, चांदीला सोसत नाही, आणि सोन्याच्या मुलाम्याला तर अजिबात नाही.

सोने काळे पडत नाही. मुलाम्याच्या चषकात आतून काळपट डाग दिसतात ते एकतर वर बसलेल्या मळाचे असतात, नाहीतर मुलामा पातळ झाल्यामुळे खालची चांदी बाहेर डोकावू लागलेली असते. मळ कोमट साबणाच्या पाण्याने जातो. मुलामा झिजला असेल तर घासून उपयोग नाही, कारण प्रत्येक घासणीबरोबर उरलेले सोनेही कमी होते. विजेच्या साहाय्याने दिलेल्या आजच्या मुलाम्याची जाडी काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांइतकीच असते. १८४० नंतर ही पद्धत रूढ होण्यापूर्वी सोने पाऱ्यात मिसळून ते भांड्यावर लावीत आणि तापवून पारा उडवून देत. तो मुलामा पुष्कळ जाड व टिकाऊ असे. आपला चषक त्या काळातील असेल तर आत उरलेले सोने वाचवण्यासारखे आहे. म्हणून सोनाराने 'सगळे काढून नव्याने देतो' असे म्हटले तरी लगेच होकार देऊ नये.

पांढरट भाग बोटाच्या पेराएवढा आणि केवळ तळाशी असेल, तर तूर्त घासणे थांबवून वाट पाहता येईल. तो प्याल्याच्या कडेपर्यंत पसरला असेल तर मात्र मुलामा द्यावा, कारण द्राक्षारसातील आम्ल आणि क्षार उघड्या चांदीवर डाग पाडतात. रोमन मिस्साग्रंथाच्या (कॅथलिक उपासनाविधीच्या अधिकृत ग्रंथाच्या) सर्वसाधारण सूचनाही हेच सांगतात : पवित्र भांडी मौल्यवान धातूची असावीत, आणि धातू गंजणारा किंवा सोन्याहून कमी प्रतीचा असल्यास ती सामान्यतः आतून सोन्याच्या मुलाम्याची असावीत. सोनाराला दोन गोष्टी लेखी द्याव्यात. एक, मुलामा फक्त आतील बाजूस द्यायचा आहे. दुसरी, त्याआधी बाहेरून मशीनवर बफ मारायचा नाही. बफाच्या चाकाखाली अक्षरे आणि नक्षीच्या कडा बोथट होतात व पुन्हा कधीच तशा होत नाहीत. मुंबईचे गव्हर्नर जेरल्ड ऑन्जियर यांनी मुंबईच्या ख्रिस्ती मंडळीला पवित्र सहभागितेसाठी चषक दिला होता. दात्याचे नाव, हेतू आणि १६७५ हे साल आपल्याला त्यावर कोरलेल्या लॅटिन लेखातूनच वाचता येते. आपल्या चषकाच्या पायाखालीही एखादे कुटुंब, एखादे साल कोरलेले असू शकते. सोनाराकडे देण्याआधी तेथे बॅटरीचा तिरपा प्रकाश टाकून पाहावे आणि छायाचित्र घ्यावे.

आशीर्वादाविषयी : दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपूर्वी चषक आणि पॅटेन (पवित्र भाकरीची थाळी) यांना पवित्र तेलाचा अभिषेक होत असे, आणि मुलामा गेला तर तो अभिषेक टिकतो का, हा प्रश्न त्या काळी गंभीरपणे विचारला जाई. १९१७ च्या कॅथलिक धर्मसंहितेतील १३०५ व्या कलमाने त्याचे उत्तर दिले : मुलामा झिजल्याने किंवा नवा दिल्याने चषकाचे पवित्रीकरण नाहीसे होत नाही, मात्र झिजला असेल तर तो पुन्हा देण्याचे कर्तव्य गंभीर आहे. आज ती संहिता लागू नाही, तरी चषक तोच आहे आणि त्याचा आकार बदललेला नाही, हा विचार आजही ग्राह्य वाटतो. अखेरचा शब्द आपल्या प्रमुख धर्मगुरूंचा.

रोजच्या निगेबद्दल थोडेसे. मिस्सानंतर चषकाचे विधिपूर्वक शुद्धीकरण धर्मगुरू, डीकन (धर्मगुरूंच्या खालच्या पदाचे दीक्षित सेवक) किंवा विधिवत नेमलेले अकोलाइट (वेदीसेवक) करतात; ते झाल्याशिवाय चषक धुण्यासाठी घेऊ नये. त्यानंतर केवळ प्याल्याचा भाग कोमट पाण्याने, सौम्य द्रव साबणाचा एखादा थेंब घेऊन, बोटांनीच धुवावा. बोअरिंगचे पाणी वापरत असाल तर शेवटचा हात आरओच्या पाण्याचा द्यावा, म्हणजे वाळताना पांढरे ठिपके राहणार नाहीत. मग धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाने लगेच कोरडा करावा. एवढे दर वेळी झाले, तर सणापूर्वीच्या मोठ्या घासणीची गरजच उरत नाही. बाहेरील चांदी पिवळसर होऊ लागली की, ती तपकिरी होण्याची वाट न पाहता, कापूस आणि पाण्यात कालवलेली प्रेसिपिटेटेड चॉकची पूड यांनी हलक्या हाताने पुसावी. ही पूड रसायनांच्या दुकानात मिळते. शाळेतील खडू तिच्याऐवजी चालत नाही. तो बहुधा जिप्समचा असतो आणि त्यात खडेही असतात.

प्रश्न : ख्रिस्तात सलाम. आमची मंडळी अहिल्यानगर जिल्ह्यातील खेड्यात आहे. प्रभुभोजनाचा प्याला पितळी असून मिशनरींच्या काळापासूनचा आहे, असे वडीलधारे सांगतात. दर वेळी आतून हिरवे दिसते, म्हणून भगिनी तो चिंचेने घासतात. दोन ठिकाणी पितळ तांबूस झाले आहे. अशा प्याल्यातून द्राक्षरस घेणे सुरक्षित आहे काय?
— मंडळीचे एक सेक्रेटरी

उत्तर : आहे तशा अवस्थेत सुरक्षित नाही. पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी ठेवली की ती कळकते, हे आपल्या घरांतील आज्यांना ठाऊक होते. द्राक्षरस तितकाच आंबट आहे आणि पितळेतील तांबे त्यातही उतरते. हिरवा थर म्हणजे तांब्याचे क्षार असून ते पोटात जाणे घातक आहे. उपासनेच्या आधी रस प्याल्यात ओतून ठेवण्याची पद्धत असेल, तर प्रवचन संपेपर्यंत तो तेथे तासभर तरी असतो, हेही लक्षात घ्यावे.

चिंचेचे म्हणाल तर ती बाहेरच्या पितळेला वाईट नाही. पण चिंच लावून भांडे बाजूला ठेवणे आणि दुसरी कामे आटोपून मग धुणे, ही सवय वाईट. पितळ हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण असते; आम्ल बराच वेळ राहिले तर त्यातील जस्त आधी निघून जाते आणि मागे सच्छिद्र तांबे उरते. आपल्याला दिसलेले तांबूस डाग तेच असावेत. ते घासून जाणार नाहीत, आणि घालवण्याचा प्रयत्नही करू नये. बाहेरून उजळायचे असेल तेव्हा चिंच, कोकम किंवा पितांबरीसारखी पावडर यांपैकी काहीही एक घेऊन झटपट चोळावे, लगेच साबणाने धुवावे आणि पूर्ण कोरडे करावे. वर्षातून दोन-तीन वेळा एवढे पुरे.

आतील बाजूसाठी आपल्याकडे जुना आणि उत्तम उपाय आहे, तो म्हणजे कल्हई. कथिल २३२ अंश सेल्सिअसला वितळते. भांडे तापवून, नवसागर मारून, कापसाने ते आत फिरवले की पितळ आणि रस यांच्यामध्ये एक पडदा तयार होतो. कल्हईवाले आता दुर्मीळ झाले असले तरी तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी एखादा भेटतो. त्याच्याकडून शुद्ध कथिलच वापरण्याची खात्री करून घ्यावी, कारण स्वस्त पडावे म्हणून त्यात शिसे मिसळण्याचा प्रकार चालतो आणि शिसे हे जंगालापेक्षाही घातक आहे. शक्य असल्यास कथिलाची कांडी स्वतः विकत घेऊन द्यावी.

मात्र प्याला भट्टीवर ठेवण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. प्याल्याची वाटी दांडीला मऊ डाखाने जोडलेली असेल, तर कल्हईच्या उष्णतेने तो डाख सुटून प्याल्याचे दोन तुकडे होतील; सांध्याशी करड्या रंगाची, नखाने ओरखडा पडणारी रेघ दिसली तर हा उपाय सोडून द्यावा. दुसरे, हा प्याला मुळात पितळी आहे की चांदीचा मुलामा उडालेला आहे, हे पाहावे. पायाखाली किंवा कडेच्या वळणात, जेथे हात पोहोचत नाही तेथे, पांढरा अंश दिसल्यास तो मुलाम्याचा आहे. अशा प्याल्याला आतून पुन्हा चांदीचा मुलामा देणे योग्य. यांपैकी काहीही होईपर्यंत प्रभुभोजन स्टीलच्या प्याल्यात घ्यावे. पितळी प्याला मेजावर जवळ ठेवण्यास हरकत नाही.

प्रश्न : आमच्या प्रभुभोजनाच्या मेजावरील लहान काचेच्या पेल्यांचे अॅल्युमिनियमचे ट्रे गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून धुतले, तर ते काळे पडले. पूर्ववत होतील का?

उत्तर : होतील, बव्हंशी. अॅल्युमिनियमला सोड्याचे वावडे आहे. अल्कली त्याचा संरक्षक थर खाते आणि धातू काळवंडतो. मोठ्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात दोन-तीन लिंबांचा रस पिळावा, ट्रे त्यात बुडवून दहा मिनिटे उकळू द्यावा आणि साबणाने धुऊन पुसावा. पुढे फक्त भांड्यांचा सौम्य द्रव साबण वापरावा. पेले ट्रेमधून काढून वेगळे धुवावेत; भोकांच्या कडांना रस सुकून चिकटतो, तेथे जुना मऊ टूथब्रश चालतो.

१९७० साली नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा अँग्लिकन, काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट अशा भिन्न परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या, आणि त्यामुळे एकाच कपाटात चांदीचा प्याला, पितळी थाळी आणि अॅल्युमिनियमचा ट्रे शेजारी शेजारी आढळतात. सफाईच्या दिवशी सर्वांना एकच पावडर लावली जाते, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. कपाटाच्या दाराच्या आत कोणत्या भांड्याला काय लावायचे याचा कागद चिकटवावा. सफाईचे हात दरवर्षी बदलतात, कागद राहतो.

प्रश्न : धुपाटण्याच्या आत डांबरासारखा थर जमला आहे. मेणबत्तीच्या पितळी स्टँडवर मेणाचे ओघळ आहेत, ते आम्ही सुरीने खरवडतो. त्यामुळे चरे पडले. शिवाय एक स्टँड ठिकठिकाणी काळा आणि ठिकठिकाणी चकचकीत, असा चट्ट्यापट्ट्यांचा झाला आहे.
— वेदीसेवकांचा एक मार्गदर्शक, मुंबई

उत्तर : धुपाटण्यातील थर हा लोबान-ऊदाच्या राळेचा आहे. राळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून साबणाने कितीही घासले तरी ती हलत नाही. ती स्पिरिटमध्ये विरघळते. धुपाटणे पूर्ण थंड झाल्यावर, निखारा विझल्याची हाताने खात्री करून, आतील वाटी सुटी काढावी. स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस थरावर पसरून, वरून झाकण ठेवून काही वेळ थांबावे, आणि मऊ झालेली राळ लाकडी काडीने उचलावी. खिडक्या उघड्या असाव्यात आणि जवळ मेणबत्ती, दिवा काहीही पेटलेले नसावे. सॅक्रिस्टीत ही सूचना अनावश्यक नाही. साखळ्या मात्र भिजत घालू नयेत, कारण कड्यांच्या सांध्यांत ओल राहते आणि तेथेच त्या झिजून तुटतात. त्या कापडाने पुसाव्यात, आणि वर्षातून एकदा प्रत्येक कडे ओढून पाहावे. पेटता निखारा घेऊन झोके घेणाऱ्या धुपाटण्याची साखळी तुटणे काय असते, ते वेगळे सांगायला नको. पुढच्या वेळेसाठी वाटीच्या तळाशी कोरड्या वाळूचा पातळ थर पसरावा. निखाऱ्याची धग थेट धातूला लागत नाही आणि राळ वाळूत मुरते.

मेणासाठी सुरी नको, हे आपल्याला चऱ्यांनी शिकवलेच आहे. मेण साठ अंशांच्या आसपास मऊ होते. स्टँड भरीव असेल तर गरम पाण्यात बुडवलेले कापड ओघळांवर दाबून धरावे आणि मेण बोटांनी सोलून काढावे. उरलेला पातळ पापुद्रा टर्पेंटाइन लावलेल्या कापसाने निघतो. वितळलेले मेण मोरीत जाऊ देऊ नये. नळीत ते पुन्हा घट्ट होते. स्टँड पोकळ असून उचलताना बुडाशी विलक्षण जड लागत असेल, तर तो कलंडू नये म्हणून आत राळ किंवा प्लास्टर भरलेले असते. असा स्टँड गरम पाण्यात घातला तर आतली राळ वितळून बाहेर येते, प्लास्टर फुगते आणि पत्रा फाटतो. अशा स्टँडवर फक्त कापडाचाच शेक द्यावा.

चट्ट्यापट्ट्यांचा स्टँड लॅकर दिलेला आहे. मुरादाबादहून येणाऱ्या पितळी वस्तूंवर हा पारदर्शक थर बहुधा असतोच. तो शाबूत असेपर्यंत पितळ काळे पडत नाही, पण जेथे तो फुटतो तेथे हवा शिरते आणि तेवढाच भाग काळवंडतो. कोविडच्या काळात वेदीवरील सर्व वस्तूंवर सॅनिटायझर फवारण्याची जी सवय लागली, तिच्यामुळे पुष्कळ ठिकाणी लॅकर सुटले आहे. वरून पॉलिश लावून काही साधणार नाही. उरलेले लॅकर अॅसिटोनने पूर्ण काढून पितळ उजळावे आणि मग हवे तर नवे लॅकर द्यावे. मी ते न देता, महिन्यातून एकदा कोरड्या कापडाने पुसणे अधिक पसंत करीन. जंतुनाशकाच्या नावाखाली ब्लीचिंगचे पाणी मात्र कोणत्याही चांदी-पितळेला कधीही लावू नये.

प्रश्न : अॅल्युमिनियमची फॉइल, सोडा, मीठ आणि उकळते पाणी यांत चांदी टाकली की न घासता उजळते, असा व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर फिरत आहे. तो खरा आहे का? आणि चांदी काळी पडूच नये म्हणून काय करावे? आम्ही थाळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून, रबर बँड लावून ठेवतो.
— पुण्याहून एक वाचक

उत्तर : व्हिडिओ खरा आहे. चांदीवरचा काळा थर म्हणजे चांदी आणि गंधक यांचे संयुग. फॉइलमधील अॅल्युमिनियम ते गंधक चांदीपासून सोडवते आणि चांदी जागच्या जागी पुन्हा धातुरूपात येते. क्रिया चालू असताना सडक्या अंड्याचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. घासणीत चांदी कायमची निघून जाते, तसे येथे होत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण. साध्या, एकसंध, भरीव चांदीच्या थाळीला ती अधूनमधून चालेल. नंतर भरपूर पाण्याने धुवावी. परंतु सांधे असलेला चषक, खडे किंवा मिना बसवलेले मॉन्स्ट्रन्स (पवित्र भाकर दर्शनासाठी ठेवण्याचे पात्र), सोन्याचा मुलामा असलेले सिबोरियम (पवित्र भाकरी ठेवण्याचे झाकणाचे पात्र) आणि नक्षीत काळी छटा राखलेली कोणतीही वस्तू या पाण्यात घालू नये. पोकळ्यांत मिठाचे पाणी शिरते, खड्यांचा चिकट मसाला सुटतो, आणि नक्षी सपाट, निर्जीव दिसू लागते. म्हणजे ज्या भांड्यांसाठी आपल्याला ही युक्ती हवीशी वाटते, नेमकी त्यांनाच ती लावता येत नाही.

वर्तमानपत्र आणि रबर बँड हे दोन्ही आजच काढून टाकावेत. रबर टिकाऊ करण्यासाठी त्यात गंधक मिसळलेले असते. बँड जेथे बसतो तेथे चांदीवर काळी रेघ उमटते, आणि बँड प्लास्टिकच्या पिशवीवरून लावला तरी ती उमटते. वर्तमानपत्राचा कागद आम्लयुक्त असतो. लोकर, फेल्ट आणि डांबरगोळ्याही चांदीजवळ नकोत. प्रत्येक वस्तू स्टार्च नसलेल्या, धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडाच्या पिशवीत ठेवावी आणि ती पिशवी झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. वसई, अलिबाग, रत्नागिरी अशा समुद्रकाठच्या गावांत हवेतील मिठामुळे चांदी विशेष लवकर बिघडते, आणि पावसाळ्यात लोखंडी कपाट आतून घामेजते. तेथे या पुड्या जून ते सप्टेंबरमध्ये वरचेवर बदलाव्यात. नवे कपाट करून घेणार असाल तर प्लायवूड आणि ताजे पॉलिश यांतून महिनोन्महिने वाफा निघत राहतात, म्हणून भांडी त्यात लगेच ठेवू नयेत. हाताळताना सुती हातमोजे घालावेत. घामाच्या मिठाने उमटलेला बोटाचा ठसा पुसला नाही, तर काही महिन्यांनी तो चांदीत कोरल्यासारखा दिसतो.

प्रश्न : आमच्या चर्चमध्ये जुने, पोचे आलेले दोन चषक आणि एक सिबोरियम वापराविना पडून आहेत. ते मोडीत देऊन त्या पैशात नवा, चकचकीत संच घ्यावा, असा पॅरिश कौन्सिलमध्ये विचार आहे. सोनार चांगला भाव देतो म्हणतो.
— कौन्सिलचा एक सदस्य

उत्तर : आधी सोनाराचा तराजू दूर ठेवून वस्तू काय आहे ते पाहावे. तळाशी किंवा कडेला बारीक ठसे असतील. चालणारा सिंह हा ९२.५ टक्के शुद्धतेच्या इंग्लिश चांदीचा ठसा आहे. त्याच्या शेजारी जहाजाचा नांगर असेल तर तपासणी बर्मिंगहॅमला झाली, बिबट्याचे मुख असेल तर लंडनला, आणि मुकुट असेल तर जुन्या मालाच्या बाबतीत शेफील्डला. सोबतचे एकच अक्षर साल सांगते. याउलट 'ई. पी. एन. एस.' अशी अक्षरे असतील तर आतला धातू जर्मन सिल्व्हर आहे, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त. त्यात चांदी मुळीच नसते, ती फक्त वरच्या मुलाम्यात असते, आणि मोडीत तिचे जवळजवळ काहीच येणार नाही. ठसे नसलेली वस्तू कमी प्रतीची असते असेही नाही. गोव्यातील चांदी कारागिरांनी १६३६-३७ मध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांसाठी चांदीची पेटी घडवली, आणि त्या घडणावळीची भांडी कोकणातील व वसईतील चर्चमध्येही येत राहिली. अशा वस्तूची किंमत वजनावर ठरवणे म्हणजे ती अर्ध्याहून अधिक फुकट देणे होय.

दुसरी बाजू कायद्याची. सध्याच्या धर्मसंहितेचे ११७१ वे कलम आशीर्वादित वस्तूंचा आदर राखण्यास आणि त्या अनुचित वापरासाठी न देण्यास सांगते, आणि १२९२ व्या कलमानुसार कलेच्या वा इतिहासाच्या दृष्टीने मौल्यवान वस्तू परस्वाधीन करण्यासाठी परमपीठाची (रोममधील पोपच्या कार्यालयाची) परवानगी लागते. तेव्हा हा निर्णय पॅरिश कौन्सिलच्या एका बैठकीत होण्यासारखा नाही; बिशपांच्या कार्यालयाला लेखी विचारावे.

पोच्यांबद्दल मात्र फार चिंता नको. चांदी मऊ असते आणि कुशल कारागीर आतून लाकडी ठोकणी लावून पोचा बराच बाहेर काढू शकतो. कडेला चीर गेली असेल तर ती चांदीच्याच डाखाने भरावी, शिशाच्या नव्हे. वस्तू विशेष जुनी वाटल्यास सोनाराकडे नेण्यापूर्वी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्राचा सल्ला घ्यावा. जुन्या गोव्यात सांता मोनिका मठात असलेले ख्रिस्ती कला संग्रहालयही एकदा सर्वांनी मिळून पाहून यावे. तेथे १७ व्या शतकातील, पेलिकन पक्ष्याच्या आकाराचे मॉन्स्ट्रन्स आहे, आणि वापरातून गेलेल्या भांड्यांचे पुढे काय करता येते याची कौन्सिलला तेथे चांगली कल्पना येईल.

तोपर्यंत तिन्ही वस्तूंची चारही बाजूंनी आणि तळाची छायाचित्रे घ्यावीत, वजन, उंची आणि ठसे वहीत लिहावेत, ती नोंद प्रमुख धर्मगुरूंच्या सहीने चर्चच्या दप्तरात ठेवावी आणि एक प्रत बिशपांच्या कार्यालयात द्यावी. कोणालाही 'फक्त कस पाहण्यासाठी' म्हणून वस्तू दुकानात ठेवून जाऊ नये. कस पाहायचाच असेल तर तो आपल्यासमोर आणि पायाच्या आतील, न दिसणाऱ्या बाजूवर पाहण्यास सांगावे.